पालावरची मुले, अकलूजची घरे

(भटक्या-विमुक्त समाजाच्या वस्तीवरील मुलांची सहल यंदा अकलूज येथे मुक्कामाला आली होती. मुले परतल्यानंतर त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबांचा आणि कार्यकर्त्यांचा एक मेळावा अकलूजमध्ये झाला. सहलीबरोबर असलेल्या शिक्षकांनी त्या प्रसंगी केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



अशा कार्यक्रमात पाहुण्याने आभार मानावेत आणि खाली बसावे, अशी पद्धत आहे. आभार तर मी मानणारच आहे. अकलूजच्या सतरा घरांनी चौतीस मुलांना दोन रात्री आपल्या घरात ठेवून घेतले. जेवायला वाढले, न्हाऊ घातले, निघताना पाठीवरून हात फिरवला. या ऋणातून उतराई होणे शक्य नाही. परंतु आज मी केवळ आभार मानून बसलो, तर एक गोष्ट सांगायची राहून जाईल. सहलीचा जो लेखी वृत्तान्त आम्ही सादर केला, त्यात ती नाही. ज्यांच्या घरी ती घडली त्यांनी 'झाले गेले विसरून जा' असे मला सांगितले. तो त्यांचा मोठेपणा आहे. मी मात्र ती विसरू नये असे मला वाटते. म्हणून आपल्यासमोर उभा आहे.

प्रथम मुलांविषयी सांगतो. बालाघाटाच्या डोंगररांगेत, पक्क्या सडकेपासून पाच किलोमीटर आत एका माळावर पारधी समाजाची ही वस्ती आहे. पंचवीस-तीस पाले आणि दोन-चार पत्र्याची घरे. पावसाळ्यात ओढा आडवा आला की वस्तीचा आणि जगाचा संबंध तुटतो. त्या वस्तीवर आमचे कार्यकर्ते काही वर्षांपासून शाळा चालवतात. तिच्यातली मोठी मुले पुढे निवासी शाळेत येतात. चौतीसपैकी एकवीस मुलांनी तोवर तालुक्याचे गावही पाहिलेले नव्हते. सहल काढावी असा विचार निघाला, तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर भूगोलाचे पुस्तक होते. नदी, धरण, कारखाना, किल्ला, मंदिर. मुलांनी ते पाहावे, एवढाच साधा हेतू.

मी परवानगी मागण्यासाठी वस्तीवर गेलो. हातात वही होती. प्रत्येक मुलाचे नाव, वय, आईवडिलांचे नाव लिहून घ्यावे आणि खाली अंगठा घ्यावा, असा माझा बेत. बंधूंनो, सहल नेणाऱ्या शिक्षकाचा यादीवाचून एक क्षणही चालत नाही. गाडीत बसताना मोजायचे, उतरताना मोजायचे, जेवताना मोजायचे, झोपताना मोजायचे. पण मी वही उघडली आणि पालासमोर बसलेली एक आजी ताडकन उठली. म्हणाली, "गुरुजी, नावं कशाला लिवता? यादी कुठं जाणार हाय?" मी समजावू लागलो. ती ऐकेना. "यादी झाली की हजेरी येती, अन् हजेरी आली की पोलीस येतो," एवढेच ती म्हणत राहिली. त्या दिवशी एकही नाव लिहिले गेले नाही.

मला राग आला होता, हे कबूल करतो. मुलांच्या भल्यासाठी आपण धडपडतो आणि या लोकांना विश्वास नाही, असे मनात आले. परतताना पायवाटेवर मग विचार करू लागलो. या आजीचा शब्द कुठून आला?

इंग्रज सरकारने १८७१ मध्ये एक कायदा केला. त्या कायद्याने माणसाच्या कृत्यावरून नव्हे, तर जन्मावरून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. प्रारंभी तो उत्तरेकडील प्रांतांत लागू होता, १९११ मध्ये त्याची व्याप्ती देशभर वाढवली गेली. या जमातींतील माणसांची नावे पोलिसांच्या नोंदवहीत लिहिली जात. ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे. गाव सोडायचे तर पास काढावा लागे. आपल्या सोलापुरातच तारेच्या कुंपणातली मोठी वसाहत होती; 'सेटलमेंट' या नावाने सोलापूरकर आजही तो भाग ओळखतात. कुंपणाआड राहायचे, गिरणीत राबायचे आणि हजेरीला परत यायचे, असे कित्येकांचे आयुष्य गेले. देश १९४७ मध्ये स्वतंत्र झाला. हा कायदा मात्र देशभरातून रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. आपण १५ ऑगस्टला झेंडावंदन करतो. विमुक्तांच्या वस्त्यांवर ३१ ऑगस्ट हाही मुक्तिदिन म्हणून पाळतात. स्वातंत्र्य त्यांच्या दारी पाच वर्षे आणि सोळा दिवस उशिरा आले.

म्हणजे मी जी वही घेऊन गेलो होतो, ती त्या आजीच्या दृष्टीने नवी नव्हती. तिच्या बापाने, आजोबाने तीच वही पाहिली होती. माझी यादी मुलांना सांभाळण्यासाठी होती, तिच्या आठवणीतली यादी मुलांना पकडण्यासाठी होती. दोन्हींत नावे तीच असतात. फरक असतो तो वही धरणाऱ्याच्या मनात. आणि माझे मन आजीने ओळखावे कसे?

दुसऱ्या खेपेला मी आमच्या शाळेवरच्या ताईंना घेऊन गेलो. त्या वस्तीवर पाच वर्षे येत-जात आहेत, त्यांची भाषा बोलतात. त्यांनी मार्ग काढला. यादी करायची, पण ती आमच्याजवळ ठेवायची नाही. वस्तीतल्याच एका बापाने सहलीबरोबर यायचे आणि यादी त्याच्या खिशात राहायची. मुले त्याला काका म्हणतात, मीही काकाच म्हणेन. काकांना अक्षरओळख नाही. ते यादी वाचू शकत नव्हते. प्रत्येक मुलाच्या डोक्याला हात लावून ते मोजत. चार दिवस माझी मोजणी दोनदा चुकली. त्यांची एकदाही चुकली नाही.

आजीने शेवटी अंगठा दिला तेव्हा एकच गोष्ट म्हणाली, "मोजून नेताय, मोजून आणा."

एस.टी.ची गाडी ठरली. चौतीस मुले, त्यांत बारा मुली. बरोबर आम्ही पाच मोठी माणसे : दोघे शिक्षक, वस्तीवरच्या ताई, एक परिचारिका भगिनी आणि काका. ज्यांना पुढे अशी सहल न्यायची असेल, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. मुली असतील तर दोन स्त्रिया हव्यातच, एक पुरत नाही. एक आजारी मुलीजवळ थांबली तर उरलेल्या अकराजणींबरोबर कोण? प्रत्येक मुलाची जोडी लावून द्यावी आणि जोडीदार दिसला नाही तर ओरडायचे, एवढा एकच नियम शिकवावा. गाडीत पहिल्यांदा बसणारी मुले ओकतात. आमची पहिल्या घाटातच नऊ मुले ओकली. जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या, पाण्याचे कॅन आणि लिंबे, ही सामग्री औषधांच्या पेटीइतकीच महत्त्वाची. आणि रात्री दिवा पूर्ण मालवू नये. पालात झोपणाऱ्या मुलाला आकाश दिसते. चार भिंतींच्या बंद खोलीत ते घाबरून उठते.

पहिले दर्शन तुळजापूरचे. हा समाज देवीचा भक्त. आपण ज्यांना 'बाहेरचे' समजतो त्यांच्या देव्हाऱ्यात आपलीच भवानी असते, हे तिथे डोळ्यांनी दिसले. मुले पायऱ्या उतरताना दंडवत घालत उतरली. त्यांना कोणी सांगितले नव्हते. तिथून सोलापूर, सिद्धेश्वराचे तळे, आणि दुपारी मंगळवेढा.

मंगळवेढ्यात मी मुलांना दोन कथा सांगितल्या. दुष्काळात बादशाही कोठारे गोरगरिबांसाठी खुली करणाऱ्या दामाजीपंतांची, आणि त्यांचे ऋण फेडायला विठू महाराच्या रूपाने बिदरला जाणाऱ्या विठ्ठलाची एक. दुसरी चोखोबांची. गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा त्या ढिगाऱ्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. कथा संपल्यावर एका मुलीने विचारले, "गुरुजी, चोखोबा कुसाच्या आत राहत होते का बाहेर?" मी म्हणालो, "बाहेर." ती म्हणाली, "आपल्यावाणी." आणि पुढे विचारले, "मग कूस कशाला बांधत होते?"

सज्जनहो, मी सव्वीस वर्षे शिकवतो आहे. या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. जे कूस ज्याला बाहेर ठेवते, ते त्याच्याच हातांनी बांधून घ्यायचे, हे आपल्या समाजाने शतकानुशतके केले. पूजनीय बाळासाहेब देवरसांनी १९७४ च्या मे महिन्यात पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत सामाजिक समतेवर भाषण दिले, ते आपण सर्वांनी वाचले आहे. अस्पृश्यतेचे समर्थन कोणत्याही शास्त्राच्या आधारे होऊ शकत नाही, ही त्यांची भूमिका आपण बौद्धिकांत अनेकदा मांडतो. ती भूमिका मांडणे सोपे आहे. दहा वर्षांच्या मुलीच्या डोळ्याला डोळा देऊन तिच्या प्रश्नासमोर उभे राहणे कठीण आहे.

रात्री पंढरपूरला धर्मशाळेत मुक्काम झाला. पहाटे चंद्रभागेचे स्नान, नामदेव पायरी, चोखोबांची समाधी, आणि मग गाभाऱ्यात विठ्ठलाच्या पायांवर डोके. याच मंदिराचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण केले होते, हे मुलांना सांगितले. ती फारशी चकित झाली नाहीत. दार बंद असणे त्यांना नवीन नव्हते. उघडलेले असणे नवीन होते.

पंढरपूरहून वेळापूरला अर्धनारी नटेश्वराचे यादवकालीन मंदिर पाहिले आणि पुढे माळावर गाडी पाच मिनिटे थांबवली. तिथे एक गंमत झाली. झुडपांतून तित्तिराचा आवाज आला. आमच्या एका मुलाने, आपण त्याला 'तो' म्हणू, कारण पुढची गोष्ट त्याचीच आहे, ओठांवर बोटे धरून हुबेहूब तसाच आवाज काढला. झुडपातून उत्तर आले. त्याने पुन्हा साद घातली, पुन्हा उत्तर आले. गाडीचे चालक आणि वाहक दोघेही खाली उतरून ऐकत उभे राहिले. मग त्या अकरा वर्षांच्या मुलाने आम्हाला नर कोणता, मादी कोणती, अंडी केव्हा घालते, पिलांना कुठे दडवते, ते सारे सांगितले. फासे लावून पाखरे आणि हरणे धरणे हा या समाजाचा पिढीजात उद्योग. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. कायदा योग्यच होता. पण ज्यांचे पोट त्या रानावर होते त्यांना दुसरा उद्योग कोणी शिकवला नाही. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य आहे. ज्या ज्ञानासाठी विद्यापीठातले अभ्यासक वर्षानुवर्षे माळावर बसतात, ते ज्ञान या मुलाच्या कानात आहे. आपल्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात त्याला रकाना नाही.

त्या संध्याकाळी आम्ही अकलूजला पोहोचलो. आपण सर्वजण वाट पाहत उभे होता. ओवाळून मुलांना घरोघर नेलेत. दोन दोन मुले, सतरा घरे.

घरी मुक्काम ठेवावा हा विचार आमचा नाही, तो जुना आहे. विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी १९६६ मध्ये आंतरराज्य छात्र जीवन दर्शन हा उपक्रम सुरू केला. पूर्वांचलातील विद्यार्थ्यांनी देशभर प्रवास करावा आणि वाटेत लॉजमध्ये न राहता कुटुंबांत राहावे, अशी त्याची कल्पना होती. आईच्या हातचे एक जेवण शंभर व्याख्यानांपेक्षा अधिक जोडते, हा त्यामागचा अनुभव. अरुणाचलचा मुलगा महाराष्ट्रातल्या घरी राहू शकतो, तर पन्नास-शंभर कोसांवरच्या पालातला मुलगा का नाही? आणि अकलूजकरांना हे शिकवायला नकोच. दर आषाढात तुकोबांची पालखी नीरास्नान करून आपल्या गावी येते, गोल रिंगण होते, हजारो वारकरी आपल्या ओट्यावर, अंगणात, माडीवर टेकतात. तेव्हा आपण कोणाची जात विचारत नाही. पाणी तापवतो, भाकरी थापतो, पाय दाबतो. आषाढात जे आपल्याला सहज जमते, ते पौष-माघात अवघड का व्हावे?

आता ती गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मला दूरध्वनी आला. एका घरातल्या यजमानांनी सांगितले, "गुरुजी, बाबांचे मनगटी घड्याळ सापडत नाही. मुलांनी कुठे पाहिले का, एवढे विचाराल का?" स्वर शांत होता. आरोप नव्हता. मी पाच मिनिटांत तिथे पोहोचलो. मुले अंगणात दात घासत होती. त्यांतला एक, काल तित्तिराला साद घालणारा, तो.

मी विचारले नाही. मी एक शब्दही विचारला नाही. सरळ ओसरीवर गेलो, दोघांच्या पिशव्या उचलल्या आणि अंगणात पालथ्या केल्या. दोन सदरे, एक टॉवेल, पंढरपूरचे चुरमुरे, आईसाठी घेतलेल्या काचेच्या बांगड्या. बांगड्यांतली एक फुटली. माझे लक्ष त्या मुलाकडे गेले. त्याने तोंडातली राखुंडी थुंकली, सदरा काढला, चड्डीचे खिसे उलटे करून बाहेर काढले आणि हात वर करून माझ्यासमोर उभा राहिला. मी त्याला तसे सांगितले नव्हते. त्याला ते ठाऊक होते. अकरा वर्षांच्या मुलाला झडती कशी द्यायची, ते पाठ होते.

घड्याळ पाच मिनिटांनी सापडले. आदल्या रात्री बाबांनी सदरा धुवायला टाकला होता, त्याच्या खिशात. शोध लावला घरातल्या आजींनी. त्या बाहेर आल्या, त्यांनी अंगणातल्या उपड्या पिशव्या पाहिल्या, हात वर केलेला मुलगा पाहिला, आणि मला म्हणाल्या, "गुरुजी, घड्याळ सापडत नाही असे आम्ही म्हटले. चोरले असे कोण म्हणाले?"

माता-भगिनींनो, कोणीच म्हणाले नव्हते. मी म्हणालो होतो; तोंडाने नव्हे, हातांनी. सव्वीस वर्षे ज्या मुलांसाठी काम करतो म्हणून व्यासपीठांवरून माझा सत्कार होतो, त्या मुलांविषयी माझ्या मनात खोलवर काय बसलेले आहे, ते त्या अंगणात उपडे पडले होते. १८७१ चा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. माझ्यातून तो त्या सकाळपर्यंत रद्द झालेला नव्हता.

आजींनी मुलाचे हात स्वतःच्या हातांनी खाली घेतले. सदरा घातला. मला आत बोलावले नाही. त्याला आत नेले आणि देवघरासमोर बसवून आधी त्याला खाऊ घातले. मी अंगणात कपडे गोळा करून पिशव्या भरत राहिलो. मला वाटते, ती माझी योग्य जागा होती.

पुढे काय करायचे? दोन मार्ग होते. मुलाला बाजूला घेऊन समजूत घालणे हा सोपा मार्ग. काकांना मी सारे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरानं सगळ्यांदेखत हात वर केले. तुमी कोपऱ्यात माफी मागू नका." त्या दिवशी दुपारी किल्ल्यातल्या शिवसृष्टीत सगळी मुले बसली होती. छत्रपतींच्या आयुष्यातले प्रसंग शिल्पांतून पाहून झाले होते. तिथे सर्व मुलांसमोर मी त्या मुलाची क्षमा मागितली. काय घडले ते सांगितले, माझी चूक सांगितली, हात जोडले. मुले गप्प होती. त्याला काय करावे ते कळेना; त्याने काकांकडे पाहिले. नंतर काका मला म्हणाले, "गुरुजी, आमाला माफी मागायची सवय हाय. ऐकायची नाय. म्हणून पोरगं बावरलं."

हे मी आज इथे का सांगतो आहे? स्वतःला दोष देऊन मोकळे होण्यासाठी नव्हे. आपण सेवाकार्य करणारी माणसे आहोत. दुसऱ्याच्या मनातला भेद आपल्याला चटकन दिसतो. गावगाड्यावर आपण बोलतो, पुढाऱ्यांवर बोलतो, इंग्रजांवर बोलतो. ते बोलणे चूक नाही. इंग्रजांनी कायदा केलाच. परंतु इंग्रज जाऊन पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. आता त्या संशयाला पोसतो कोण? तो आपल्या बोटांत आहे. एखादी वस्तू हरवली की हात कोणाच्या पिशवीकडे जातो, हे पाहिले की आपल्या समरसतेची खरी परीक्षा होते.

ज्यांनी हे काम आपल्या आधी केले त्यांनी याची किंमत मोजली आहे. गिरीश प्रभुणे यांनी पारध्यांच्या पालांवर जाऊन, त्यांच्यात बसून, त्यांच्यासाठी पोलीस ठाण्यांच्या पायऱ्या झिजवून काम उभे केले. तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला १९९३ मध्ये भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा ही मुले शाळेत टिकतील असे म्हणणारे थोडे होते. आज त्या प्रकल्पातून शिकून बाहेर पडलेल्यांची मुले शाळेत जातात. प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. दादा इदाते यांनी भटक्या-विमुक्तांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले, देशभर फिरून या समाजांची स्थिती सरकारसमोर मांडली. त्यांनाही २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सन्मान झाले, आनंद आहे. पण आयोगाचा अहवाल वाचून माझा हात थांबला नसता. तो थांबवला अकलूजच्या एका आजींनी, ज्यांनी कोणताही अहवाल वाचलेला नाही.

सहलीचा उरलेला वृत्तान्त थोडक्यात सांगतो. शंकरनगरचा साखर कारखाना पाहिला. मुलांना यंत्रांचे कौतुक वाटले, पण अधिक वेळ ती रेंगाळली बाहेर, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांजवळ. "गुरुजी, हे बी आपल्यावाणीच राहतात," एकजण म्हणाला. कोप्यांतल्या मुलांना त्यांनी विचारले, "तुमची शाळा?" उत्तर मिळाले नाही. पालावरच्या मुलाने दुसऱ्याला शाळा विचारावी, ही गोष्ट मला साऱ्या सहलीचे फळ वाटली. परतीच्या वाटेवर उजनी धरण पाहिले. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्यात ११७ टी.एम.सी. पाणी मावते. ज्या वस्तीला उन्हाळ्यात टँकर लागतो, तिथल्या मुलांनी ते पाणी पाहिले आणि बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकीने विचारले, "एवढं पाणी कुणाचं?" हाही प्रश्न मी आपल्यासमोर ठेवून जातो.

रात्री उशिरा वस्तीवर पोहोचलो. ओढ्याच्या अलीकडे गाडी थांबली. आजी कंदील घेऊन उभी होती. काकांनी एकेकाच्या डोक्याला हात लावून चौतीस मोजले. मग खिशातली यादी काढून आजीच्या हातात दिली. आजीने ती चुलीत घालावी असे मला वाटले होते. तिने ती घडी करून देवीच्या टाकांच्या पेटीत ठेवली. मी कारण विचारले. म्हणाली, "ही यादी मागारी आली. पहिली यादी हाय जी मागारी आली."

बंधू-भगिनींनो, आता आपल्याकडे माझे मागणे आहे. पाहुणचार एकतर्फी असेल तर तो उपकार होतो, आणि उपकाराने माणसे जवळ येत नाहीत. ही मुले आपल्या घरी आली. आता आपण त्यांच्या घरी या. तीन कुटुंबे येत्या महिन्यात येणार आहेत. त्यांत त्या आजी आहेत. सतराही यावीत. पालासमोर बसा, त्यांची भाकरी खा. आपल्या मुलांना बरोबर आणा. त्यांना तित्तिराची साद शिकायला मिळेल. दुसरे मागणे : या चौतीसपैकी कित्येकांजवळ जातीचा दाखला नाही. जुन्या नोंदी आणा, असे कचेरीत सांगतात. ज्यांच्या पिढ्या माळावर गेल्या त्यांनी नोंदी कुठून आणाव्यात? आपल्यात वकील आहेत, निवृत्त महसूल कर्मचारी आहेत. त्यांनी वर्षातले पंधरा दिवस द्यावेत. वह्या-पुस्तकांची मदत मिळते. कचेरीच्या रांगेत बरोबर उभा राहणारा माणूस मिळत नाही. तिसरे : कारखान्याच्या हंगामात कोप्यांवर येणाऱ्या मुलांची शाळा अकलूजमध्येच बुडते. त्यासाठी आमच्या वस्तीपर्यंत यायलाही नको. आपल्या दारातून निघा, काम सुरू होते.

पुढच्या वर्षी सहल पुन्हा निघेल. तो मुलगा येणार का, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "अकलूजला असंल तर येईन. आजींनी बलावलंय." मी विचारले, "माझ्याबरोबर येशील ना?" त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "काका बी असतील ना?"

हे उत्तर मी स्वीकारले आहे. विश्वास मागून मिळत नाही. तो परत मिळवावा लागतो, आणि त्याला एक सहल पुरत नाही. त्या विश्वासाला पात्र होण्याचे बळ आपणा सर्वांना लाभो, एवढी विठ्ठलचरणी प्रार्थना करतो आणि थांबतो.

भारत माता की जय.